फिकट माणसांची काच

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. दवाखान्यातल्या खिडकीपाशी माझं टेबल आहे. मी नवा होतो तेव्हा मला पाहायला सगळा दवाखाना गोळा झाला होता. आता माझा एक स्क्रू दोऱ्याने बांधलेला आहे. त्याचं मला काही वाटत नाही. हल्ली कशाचंच फारसं वाटत नाही.

माझं काम रक्तातले हिवतापाचे जंतू दाखवण्याचं. ज्याला ताप, त्याच्याच रक्ताचा थेंब लावलेली काच माझ्याकडे येई. फिकट माणसं शेजारच्या टेबलावर जात. तिथे रक्त किती कमी आहे ते पाहून लोहाच्या गोळ्या देत. दोन टेबलांत हातभर अंतर होतं, पण बोलणंचालणं नव्हतं.

मला रोज पुसणारी सफाईवाली मावशी अशीच फिकट होती. जिना चढली की तिला धाप लागे. वर्षभर तिने गोळ्या घेतल्या. तापाचं विचारलं की म्हणे, "ताप कुठला? नुसती गळून जाते." म्हणून तिची काच कधी माझ्याखाली आली नाही. रोज तिचं बोट माझ्या भिंगावर फिरे आणि मला काहीच ठाऊक नव्हतं.

मग तिची सहा वर्षांची धाकटी तापाने फणफणली. तिची काच जंतूंनी गच्च भरलेली होती. मोठ्या रुग्णालयात न्यायला उशीर झाला. धाकटी गेली.

पुढच्या आठवड्यात तिच्या घरच्या सगळ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा माझ्यातून काचा पाहणाऱ्या ताईंनी मावशीच्याही बोटाचा थेंब घेतला. त्यात मला केळ्याच्या आकाराचे जंतू दिसले. हे मुक्काम ठोकून बसतात आणि चावणाऱ्या डासाबरोबर दुसऱ्याच्या अंगात जातात. असा मुका हिवताप रक्त आटवतो, पण ताप दाखवतोच असं नाही.

"ताई, माझ्याकडूनच गेला का तिला?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही, मावशी."

"पण गेला असेल."

ताईंनी हिवतापाच्या गोळ्या तिच्या हातात ठेवल्या. मला वाईट वाटलं. फार वर्षांनी वाटलं.

आता फिकट माणसांचा एक थेंब माझ्यासाठीही ठेवतात. मित्रांनो, हिवतापाच्या गावात कुणी सारखं दमत असेल, फिकट पडलं असेल, तर ताप नसला तरी त्याची काच तपासून घ्या.

काल मावशीची काच पुन्हा आली. ताई म्हणाल्या, "आता काही नाही, मावशी."

मावशीने मान हलवली आणि फडकं घेऊन माझं भिंग पुसायला लागली. ते कधीच स्वच्छ झालं होतं. ती पुसत राहिली.