पश्चिमेकडं तोंड

जगाचा शेवट कसा होणार, हे राजारामपुरीत एकाच माणसाला बारीकसारीक तपशिलासह ठाऊक होतं. शलमोन सामुद्रे. शिरोलीच्या एका फाउंड्रीत पस्तीस वर्षं लाकडाचे साचे करून निवृत्त झालेले, म्हणून चर्चमध्ये काय नि गल्लीत काय, सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. त्यांच्या हॉलमध्ये जगाचा नकाशा होता, नकाशात टाचण्या होत्या, आणि कुठं युद्ध पेटलं की एखादी टाचणी जागा बदलायची. प्रकटीकरणाच्या पुस्तकातले सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या आणि मग हर्मगिदोनाची शेवटची लढाई, सगळं तोंडपाठ. चहाला आलेल्या पाहुण्याला पाचव्या शिक्क्यापर्यंत कपाला हात लावायची सोय नव्हती.

त्यांची बायको एस्तेरबाई पक्की व्यवहारी. "लढाई हुईल तवा हुईल, आदी गॅसचा नंबर लावा," म्हणायची. देवावर तिचा विश्वास होता, नवऱ्याच्या टाचण्यांवर नव्हता. एकदा तिनं दोघांच्या कबरींसाठी जागा धरून ठेवूया म्हटलं, तर मिस्त्री भडकलेच. "मला कबर लागायचीच न्हाई. प्रभू येईल तवा मी जित्ताच वर जाणार हाय. तुला पायजे तर तुझी धर." तिनं आपली धरली. आणि यंदा किडनीच्या दुखण्यानं ती गेली.

आठव्या दिवशी सकाळी मिस्त्री फुलं घेऊन दफनभूमीत गेले आणि कबरीजवळ पोचल्यावर जागीच थांबले. क्रूस सूर्याच्या बाजूला रोवला होता. आता क्रूस रोवतात उशाशी. आणि ख्रिस्ती माणसाला पुरताना डोकं पश्चिमेला नि पाय पूर्वेला ठेवतात, कारण प्रभू पूर्वेकडून येणार. कर्णा वाजला की मेलेला माणूस उठून बसेल, तेव्हा त्याचं तोंड थेट त्याच्याकडं हवं. आजूबाजूच्या सगळ्या कबरी तशाच होत्या. एस्तेरबाईची तेवढी उलटी.

क्रूसच चुकीच्या टोकाला रोवला असेल, अशी स्वतःची समजूत घालत ते घरी आले. संयोगिता, त्यांची मुलगी, क्लासला निघायच्या गडबडीत होती. तिला त्यांनी दफनविधीचा व्हिडिओ लावायला सांगितला. नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकला होता. मिस्त्रींची नजर साच्यांवर तयार झालेली, शवपेटीचं खांद्याकडचं रुंद टोक त्यांना लगेच दिसलं. ते पूर्वेलाच होतं. चूक क्रूसाची नव्हती.

पण व्हिडिओत आणखीही एक दिसलं. पेटी खड्ड्यात उतरत होती, बायका रडत होत्या, आणि मिस्त्री खड्ड्याकडं पाठ करून उभे होते. बोट आभाळाकडं. कुरुंदवाडहून आलेल्या एका पाहुण्याला ते सहावा कर्णा समजावून सांगत होते. दुःखात माणसाला जे पाठ असतं तेच तोंडातून येतं, हे खरं आहे. तरी ते बघवत नव्हतं.

"बाबा, मी तुम्हाला हाक मारली होती," संयोगिता म्हणाली. "दोनदा."

ज्या माणसानं चाळीस वर्षं अख्ख्या मंडळीला पूर्व दाखवली, त्याचीच बायको शेवटच्या दिवशी उठणार ती प्रभूकडं पाठ करून! आणि प्रभू काय समजेल? त्या विचारानं त्यांना जेवण जाईना. कबर उघडून तिला सरळ केल्याशिवाय राहायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

ते चर्चच्या पाळकसाहेबांकडं गेले. पाळकसाहेब तरुण, शांत स्वभावाचे. म्हणाले, "मिस्त्री, ज्यानं मातीतनं माणूस घडवला त्याला माणसाचं तोंड वळवता येणार नाही का? आणि पुरलेलं माणूस बाहेर काढायचं म्हणजे सरकारी परवानगी लागते. पोलीस येतात, डॉक्टर येतात. बाईंचे हाल कशाला?"

"अर्ज मी करतो. तुमी फक्त सही करा."

"आधी भाऊसोला विचारा तरी, असं झालं कसं."

भाऊसो म्हणजे दफनभूमीत कबरी खणणारा. माणूस बौद्ध, पण त्याचे वडीलही इथंच खणायचे, त्यामुळं कुणाचे आजोबा कुठं आहेत हे मंडळीपेक्षा त्याला जास्त माहीत. मिस्त्री दुपारी तिथं पोचले तेव्हा तो गवत कापत होता. मिस्त्रींनी पोचल्या पोचल्या तोंड सोडलं.

"काय रं भाऊसो, डोळं फुटलं हुतं काय तुझं? मागल्या महिन्यात म्हाताऱ्या पाळकांची कबर उलटी घेतलीस, ती बरोबर. पाळकाला उलटाच ठेवतात, उठल्यावर त्याचं तोंड आपल्या मंडळीकडं पायजे म्हणून. पण म्हणून सगळ्यांनाच उलटं घालशील व्हय? माझी बायको काय पाळक हाय?"

भाऊसोनं विळा खाली ठेवला. "चुकून न्हाई घातलं, मिस्त्री."

"म्हंजे?"

"बाईंनीच सांगितलं हुतं. त्या पाळकांच्या मातीला आलत्या न्हवं का, तवा बघितलं त्यांनी. चार दिसांनी परत रिक्षातनं आल्या, एकल्याच. चालवत न्हवतं, हितं कट्ट्यावर बसल्या. म्हणल्या, भाऊसो, मलाबी असंच घाल. मी म्हटलं, बाई, तुमचा देव तिकडनं येणार न्हवं? मिस्त्री मला जित्ता सोडायचं न्हाईत. तर म्हणल्या, त्यांना आत्ताच सांगू नको, लगेच बायबलातली वचनं काढून दावतील. शपथ घातली मला."

मिस्त्रींचा आवाज एकदम चढला. "का पण? प्रभूचं तोंड नको हुतं तिला?"

"मीबी त्येच इचारलं." भाऊसो जरा घुटमळला. "म्हणल्या, प्रभूला काय, त्या दिसापासनं रोजच बघायचं हाय. पण आमच्या ह्यांनी जन्मभर त्याची वाट बघितली. तो खराच आलेला बघून ह्यांचं तोंड कसं हुतंय, त्ये मला बघायचं हाय. सगळे तिकडं बघतील, ह्यांच्याकडं कोण बघणार? म्हणून पायथ्याची जागा मोकळी ठेव म्हणल्या. ह्यांना सरळच घाल, पायाला पाय लावून. दोघं उठून बसलो की समोरासमोर."

मिस्त्रींनी कबरीच्या पायथ्याकडं बघितलं. सहा-सात फुटांची जागा होती, गवत माजलेलं. ते तिथं मटकन खाली बसले आणि रडायला लागले. बायको गेल्यापासून ते रडले नव्हते. आता मोठ्यानं, लहान पोरागत रडले. भाऊसो बाजूला उभा राहिला. थोड्या वेळानं त्यानं पाण्याची बाटली पुढं केली.

मिस्त्रींनी तोंड धुतलं आणि तसेच उठून चर्चच्या ऑफिसात गेले. दफनभूमीचं रजिस्टर आण्णांकडं असायचं. आण्णा मिस्त्रींच्या वयाचे, जुने दोस्त, आणि मिस्त्रींना चिडवायची एकही संधी न सोडणारे.

"एस्तेरच्या पायथ्याची जागा," मिस्त्री म्हणाले, "माझ्या नावावर लिहा."

आण्णांनी चष्म्यावरनं बघितलं. "आँ? तुमाला तर कबर लागणार न्हवती की! जित्तं वर जाणार हुता तुमी."

"लिहा म्हटलं न्हवं."

आण्णांनी नाव लिहिलं, पण गप्प बसतील तर ते आण्णा कसले. "आणि समजा मिस्त्री, तुमी मरायच्या आदीच कर्णा वाजला, तर? मग ही जागा फुकटच गेली म्हणायची."

मिस्त्री दारापर्यंत पोचले होते. तिथंच थांबले.

"तर मी पळत तिकडं जाईन," ते म्हणाले. "तिच्या म्होरं हुबा ऱ्हाईन. न्हाईतर ती उठून कुणाकडं बघंल?"