हळूबाईचं परीक्षण

आमच्या वर्तमानपत्रात लाल पेन्सिल माझ्या हाती होती. बातमीदार 'भीषण आग' लिहायचे, मी 'मोठी आग' करायची. 'हाहाकार' खोडून 'गोंधळ'. कलेच्या पानावर तर 'अजोड', 'अद्वितीय' यांची मी वर्षानुवर्षं कत्तल केली. "आवाज खाली ठेवा, वाचक बहिरे नाहीत," असं आमचे संपादक म्हणायचे. ते पान सांभाळणारे काका निवृत्त होणार होते आणि आता ते मलाच मिळणार, असं मी धरूनच चालले होते.

मग हळूबाई आली. नाव आम्हीच ठेवलं, कारण ती बोलायचीही हळू आणि लिहायचीही हळू. तिच्या परीक्षणात पेन्सिल टेकवायला जागा नसायची. एका नाटकाबद्दल तिनं लिहिलं, 'दुसऱ्या अंकात प्रेक्षक खोकायचे थांबले.' बस्स, एवढंच. संपादक तो कागद टेबलाटेबलावर दाखवत फिरले. "ताई, बघा. शिका काहीतरी!"

अकरा वर्षं मी दुसरं काय शिकवत होते? त्या दिवशी माझा डबा भरलेलाच घरी गेला.

पुढच्या आठवड्यात एका म्हाताऱ्या चित्रकाराच्या प्रदर्शनावरचं तिचं परीक्षण माझ्याकडे आलं. शेवटी होतं, 'ही चित्रं पाहून बाहेर पडल्यावर रस्ता थोडा वेळ धुतलेला वाटतो.' मी ते तीनदा वाचलं. असं वाक्य मला उभ्या जन्मात सुचलं नसतं. मी ते खोडलं आणि वर लिहिलं, 'थक्क करणारा, अद्वितीय आविष्कार!' उद्गारचिन्हासकट. संपादक तिला झापतील आणि पान माझ्याकडे येईल, एवढाच माझा बेत.

छापून आलं त्या सकाळी संपादकांनी तिला आम्हा सगळ्यांसमोर बोलावलंच. ते तोंड उघडणार तोच चित्रकार धापा टाकत जिना चढून आला. हातात आमचा अंक.

"कुणी लिहिलं हे? चाळीस वर्षं सगळे 'नेटका प्रयत्न' म्हणतात हो मला. एकदा तरी कुणी मोठ्यानं बोललं!"

हळूबाईनं छापलेलं वाक्य पाहिलं, मग माझ्याकडे. तिचा मजकूर माझ्याखेरीज कुणाच्याच हातातून जात नव्हता.

"हे वाक्य ताईंचं आहे," ती म्हणाली.

चित्रकारानं माझे दोन्ही हात धरले. "कुठलं चित्र आवडलं तुम्हाला?"

मी प्रदर्शनाला गेलेच नव्हते. संपादक चष्म्यावरून बघत होते.

"खुर्चीवरच्या टॉवेलचं म्हणत होतात ना, ताई?" हळूबाई म्हणाली. "टॉवेल अजून ओला वाटतो, म्हणालात."

"ओला!" म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "अहो, मग हेच लिहायचं होतं!"

संपादकांना काय समजायचं ते समजलं. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. महिनाअखेरीस पान हळूबाईला मिळालं.

तिनं मला चारचौघांत उघडं पाडलं असतं, तर आजवर मी कधीच तिला माफ करून मोकळी झाले असते. पण तिनं मला सांभाळून घेतलं, तेही आपलं चांगलं वाक्य माझ्या तोंडी घालून. केस पिकले, तरी ते मला पचलेलं नाही.