रविवारची गिऱ्हाइकं

यशवंतपूरचा तो दोन खोल्यांचा फ्लॅट मी राहण्यासाठी घेतलाच नव्हता. जुने घर स्वस्तात घ्यावे, दुरुस्त करून विकावे आणि त्यातून पुढचे घ्यावे, या व्यवसायातले ते माझे पहिले पाऊल होते. ओल धरलेल्या भिंती खरवडून घेतल्या, ओटा बदलला, खिडक्यांना फिका पिवळा रंग दिला. चार महिने माझ्याशी केवळ गवंडी बोलत, तेही फरशीविषयी. काम संपल्यावर तेही गेले.

घर दाखवण्याचा वार रविवार. एजंट मंजुनाथ मूळचा निपाणीचा, त्यामुळे या कन्नड शहरातही त्याला मराठी येई. त्याने पहिल्याच रविवारी विद्याधरकाका आणि कल्पनाकाकू हे साठीपलीकडचे मराठी दांपत्य आणले. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेल्या काकांनी भिंतीवर बोटाने टकटक केली. काकू ओट्यापाशी उभ्या राहिल्या.

"मिसळणाचा डबा इथे राहील. आणि खिडकीत तुळस."

"आधी घर तर घे, मग डबा ठेव," काका म्हणाले.

मी कॉफी केली. घरात सामान असे नव्हतेच. एक शेगडी, एक पातेले आणि तीन कप.

पुढच्या रविवारी ती दोघे मंजुनाथशिवायच आली. पाण्याचा दाब बघायचा राहिला होता. मग सकाळचे ऊन कोठून येते ते बघायचे राहिले. चौथ्या खेपेस कारण सांगायचेच राहून गेले. काकूंच्या पिशवीत थालीपिठे होती.

"दर रविवारी आम्ही घरं बघतो," त्या म्हणाल्या. "परवा पार शहराबाहेर, आनेकलच्या बसने गेलो होतो. घर बघायला आलं की लोक आत घेतात, बसा म्हणतात."

किंमत त्यांनी कधी विचारली नाही. मीही सांगितली नाही. इतर कोणी विचारली, की मी ती थोडी वाढवून सांगे.

"सर, घर विकायचंय की पाहुणचार करायचाय?" मंजुनाथ एकदा म्हणाला. "ती दोघं घेणारी नव्हेत. स्वतःचं घर आहे त्यांना."

मला ते ठाऊक होते. काकूंच्या कमरेला किल्ल्यांचा जुना जुडगा होता.

अखेर रंजिता नावाच्या परिचारिकेने वाढवलेल्या किमतीलाही शांतपणे होकार दिला, आणि माझ्याजवळ सबब उरली नाही.

त्या रविवारी मी दोघांना सांगितले.

"छान झालं," काका म्हणाले. "धंदा असाच करावा." आणि त्यांनी विनाकारण भिंतीवर पुन्हा टकटक केली.

काकूंनी तिन्ही कप विसळून उपडे घातले. "पुढचं घर कुठे घेतोस?"

आनेकलला घेतले होते. पण विकण्याजोगे काहीच नसताना तुम्ही या म्हणणे म्हणजे आपण तिघांनी इतके दिवस जपलेले खोटे मोडणे. माझी जीभ तेवढी धजली नाही.

"अजून नक्की नाही," मी म्हणालो.

"बरं. कळव हं," जिन्यावरून काकू म्हणाल्या. त्यांचा नंबर मी कधी घेतलाच नव्हता.

आनेकलच्या घराला अजून गिलावा नाही. समोरून शहराच्या बस जातात. पहिला रविवार मी विटांच्या ढिगावर बसून घालवला. दुसऱ्या रविवारी मंजुनाथला फोन केला.

"त्यांचा नंबर? कधीच काढून टाकला, सर. न घेणाऱ्यांचे नंबर ठेवून काय करू?"

मग मी एक पाटी करून घेतली. वर कन्नडमध्ये आणि खाली, मोठ्या अक्षरांत, मराठीत: 'घर विकणे आहे. रविवारी पाहता येईल.'

मंजुनाथ आला तो कपाळावर हात मारूनच. "छप्पर गळतंय, दार नाही, आणि विकणे आहे? ही मराठी इथं कोण वाचणार? हिंदी समजून कुणीतरी काळं फासेल."

"मग स्वल्प वर बांधू," मी म्हणालो.

"सरी, ठीक आहे, तुमची मर्जी," म्हणत त्याने शिडी धरली. बसच्या खिडकीतून दिसेल इतक्या उंचीवर मी ती पाटी बांधली.