कुत्र्याचं झबलं

वासराएवढं कुत्रं लपवून ठेवता येईल असं झैनेपला वाटलं, इथेच तिचं पहिलं चुकलं.

झैनेप तराझ शहरातल्या एका दवाखान्यात लोकांचे कोट सांभाळायची. कोट घ्यायचा, बिल्ला द्यायचा. बिल्ला घ्यायचा, कोट द्यायचा. नवरा वारला तेव्हा मागे एक पत्र्याचं गॅरेज आणि त्यात एक न चालणारी गाडी तेवढी राहिली. नोव्हेंबरात कालव्याच्या पुलाखाली तिला हा कुत्रा दिसला. पुढच्या पायात तार रुतलेली, कान मुळापासून कापलेले, नाकाडावर जुन्या जखमांचं जाळं. कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच म्हणतात; याला कुणी शेपूटच ठेवलं नव्हतं, तेव्हा तो प्रश्न मिटलेला होता. असं नाकाड कशाने होतं हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. मेंढ्या राखणाऱ्या थोर जातीचा कुत्रा धरायचा, रिंगणात झुंजवायचा, भोवती उभं राहून बोंबलायचं, आणि हरला की पुलाखाली टाकून द्यायचा. माणसाच्या जातीबद्दल आणखी काय बोलावं!

झैनेपने कोटाचा पट्टा काढून त्याच्या गळ्यात घातला. ओढावं लागलं नाही. तो लंगडत तिच्यामागून आला. तिने त्याचं नाव ठेवलं तारलान, आणि गॅरेजमधली गाडी भंगारवाल्याला देऊन त्याला जागा करून दिली.

मग सुरू झाला घर शोधण्याचा खटाटोप. स्थळ बघायला येतात तशी माणसं येऊ लागली. एका बाईने दारातूनच हात जोडले, "अगं बाई! हा जेवणार काय आणि आम्ही जेवणार काय?" एकाला वीटभट्टीवर बांधायला हवा होता, चार हातांच्या साखळीला, जन्मभर. एक चामडी जाकीटवाला आला, त्याने काही न विचारता तारलानचा ओठ वर करून सुळे पाहिले आणि म्हणाला, "अजून दम आहे याच्यात." झैनेपने कोपऱ्यातलं फावडं उचललं तेव्हा तो गेला.

डिसेंबर संपता संपता गॅरेजांच्या सोसायटीचा अध्यक्ष स्तेपान आला. माणूस वाईट नव्हता, फक्त अध्यक्ष होता.

"झैनेप, बाई, तुझी वर्गणी नको पण कुत्रं आवर," तो म्हणाला. "सगळे तक्रार करतायत. रविवारपर्यंत हलव. नाहीतर मी पालिकेची गाडी बोलावणार."

पालिकेची गाडी येते तेव्हा तिच्यात पिंजरा नसतो, बंदूक असते. हे दोघांनाही ठाऊक होतं.

आणि त्याच आठवड्यात ते घडलं. बर्फ पडला होता, इमारतीतली पोरं गोळे मारत, किंचाळत, घोळक्याने गॅरेजच्या दारापर्यंत धावत आली. झैनेप तारलानच्या गळ्याला धरून उभी होती. त्याच्या मानेवरचे केस ताठ झाले, घशातून एक खोल, बारीक घरघर निघाली, आणि पुढच्या क्षणी तिचा डावा हात कोपराखाली त्याच्या जबड्यात होता. पोरं पळाली, तसा तो भानावर आला. तिच्या पायांवर डोकं ठेवून थरथरत पडून राहिला. दवाखान्यात तिने सांगितलं, कुंपणावर पडले. टाके पडले. कोटाच्या लांब बाहीखाली सगळं झाकलं गेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

शनिवारी एरबोलात नावाचा मेंढपाळ आला. डोंगराच्या पायथ्याशी एकटं घर, मेंढ्यांचा मोठा कळप, आणि गेल्या हिवाळ्यात लांडग्यांनी दैना केलेली. तिशीतला, मोजकं बोलणारा माणूस. आल्या आल्या त्याने कुत्र्याला हात लावला नाही. दाराशी उकिडवा बसला आणि शेजारच्या माणसाशी गप्पा माराव्यात तसा झैनेपशी हवापाण्याचं बोलत राहिला. शेवटी तारलान उठला, त्याची टोपी हुंगली आणि आपला सगळा भार त्याच्या खांद्यावर टाकून उभा राहिला.

"साखळी घालणार का?" झैनेपने विचारलं.

"आमच्याकडे साखळी नाही, आपा. मेंढ्या आहेत."

झैनेपला रडू यायचं बाकी राहिलं. दीड महिना ती या एका वाक्याची वाट पाहत होती.

"फक्त एक विचारतो," एरबोलात म्हणाला. "बायकोला दिवस गेलेत. वसंतात बाळ येईल. पोराबाळांशी हा कसा आहे?"

"लोण्याचा गोळा आहे रे. वरच्या मजल्यावरची चिमुरडी त्याच्या तोंडात हात घालते."

"कुणाला चावलाय कधी?"

"छे!"

"काही लपवत नाही ना, आपा?"

"काहीसुद्धा नाही," झैनेप म्हणाली. बाहीखाली टाके ठणकत होते.

तसं चिमुरडीचं अगदी खरं होतं. एकट्या दुकट्या मुलाला तो कधी काही करत नसे. घोळका आणि आरडाओरडा, तेवढं त्याला खपत नव्हतं. तिने मनाशी म्हटलं, त्या उजाड माळावर मेंढ्यांमध्ये कुठला आलाय घोळका? दुसऱ्या दिवशी रविवार होता. खरं बोलावं तर रविवारी गोळी, खोटं बोलावं तर माळरान. तुम्ही काय केलं असतंत ते तुम्हीच ठरवा.

फेब्रुवारीत एरबोलातचा फोन आला. एरवी चार शब्द बोलणारा माणूस ओरडत होता. "आपा! तुमच्या वाघाने लांडगा लोळवला! एकट्याने! आई त्याला स्वतःच्या हाताने मांस भरवतेय!" झैनेपने त्या दिवशी दवाखान्यात भेटेल त्याला ही हकिकत सांगितली. लोक कोटासाठी उभे, आणि ही आपली लांडग्याची गोष्ट सांगतेय. कित्येक वर्षांत इतकं हलकं तिला वाटलं नव्हतं. मग मुलगा झाल्याचा फोन आला, आणि बाळाच्या चाळिसाव्या दिवसाच्या सोहळ्याचं बोलावणं.

ती गाडीतून उतरताच तारलान तिच्यावर झेपावला. अंगाने भरला होता, केस चमकत होते. अंगणात चुलीवर कढई चढली होती, बायका पिठाचे गोळे तळत होत्या. एरबोलातची आई कुनसुलू, वाळक्या बोरासारखी छोटी, खणखणीत म्हातारी. तिने झैनेपला मिठी मारून मानाच्या जागी बसवलं. आत चाळीस चमचे पाण्याची आंघोळ झाली, बाळाचं जावळ काढलं, नखं कापली. मग कुनसुलूने बाळाच्या अंगातलं पहिलं झबलं उतरवलं, त्यात मूठमूठ मिठाई आणि सुके जर्दाळू घातले आणि गाठोडं बांधलं.

हे झबलं कुत्र्याच्या गळ्यात बांधायचं, कुत्रं सोडायचं, आणि सगळ्या पोरांनी बोंबलत त्याच्यामागे धावायचं; जो धरेल त्याची मिठाई. बाळाची सगळी इडापिडा कुत्र्याबरोबर जाते. झैनेपला हे काय ठाऊक नव्हतं? तिच्या स्वतःच्या, आता परगावी असलेल्या मुलाचं झबलं घेऊन शेजारचं वीतभर पिल्लू धावलं होतं. सगळीकडे असंच एखादं पिल्लू धरून आणतात. म्हणून तर आजपर्यंत तिच्या मनाला ते शिवलं नव्हतं.

"आजी, पिल्लू कुठलं आणलंय?" तिने विचारलं, आणि विचारता विचारताच तिची नजर तारलानकडे गेली.

"पिल्लू?" कुनसुलू हसली. "दारात लांडगा मारणारा असताना पिल्लू कशाला शोधू? पोरगं त्याच्यासारखं निपजू दे. आणि बांधणार तू. तू त्याला आणलंस, त्याची आई तू." तिने गाठोडं झैनेपच्या हातात दिलं.

आजूबाजूच्या वस्त्यांवरून गाड्या भरभरून पोरं आली होती. ती अंगणात उड्या मारत होती, एकमेकांना ढकलत होती. "सोडा! सोडा!" एक तीन वर्षांची पोरगी सगळ्यांच्या पुढे, शर्यतीत पहिली येणार म्हणून दोन्ही मुठी आवळून उभी. झैनेप तारलानजवळ गुडघ्यांवर बसली. बांधलं तर या पोरांचं काय होईल? आणि बोलले तर याचं? तिने एक गाठ मारली. पोरांनी आरोळी ठोकली. तिच्या बोटांखाली त्याच्या मानेवरचे केस ताठ झाले आणि घशात घरघर सुरू झाली, ती फक्त तिलाच ऐकू येत होती.

"थांबा," झैनेप म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही. मग ती ओरडली, "थांबा! पोरांना आत न्या!"

"का गं? मिठाई कमी पडली?" कुणीतरी थट्टा केली.

एका हाताने तारलानला घट्ट धरून झैनेपने दातांनी डावी बाही वर ओढली. कोपराखाली जांभळी, खड्डे पडलेली खूण होती. ती कशाची हे कुणाला सांगावं लागलं नाही. बायकांनी आपापली पोरं दंडाला धरून आत ओढली. क्षणात अंगण रिकामं झालं.

एरबोलातची बायको दारात बाळाला उराशी धरून उभी होती. "रोज पाळण्याला टेकून झोपतो तो," ती म्हणाली. "आणि आम्ही झोपू देतो."

"कधीचं आहे हे?" एरबोलातने विचारलं.

"तू यायच्या आधीचं. पोरं घोळक्याने ओरडत आली होती. एरवी तो..."

"आपा, मी विचारलं होतं."

"हो."

"पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत, तरी मी त्याला घेतला असता." एरबोलातचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागत होतं. "माझा भाऊ वरच्या कुरणावर असतो. तिथे ना बाई ना पोर. चावणाऱ्या कुत्र्यालाही जागा असते आमच्याकडे."

झैनेप त्याच्याकडे बघतच राहिली. अशी जागा होती. नुसतं तोंड उघडायचं होतं.

"मग आता ने तिकडे," ती म्हणाली. "एरबोलात, बाळा, पाया पडते. दुसरं काहीही लपवलेलं नाही मी."

"तेव्हाही हेच म्हणालात. रिंगणातला कुत्रा आहे हे नाकाडावरून मला कळलं होतं. बाकीच्यासाठी मी तुमच्या शब्दावर गेलो. उद्या भावाने पोरांना वर बोलावलं, तर हा काही करणार नाही हे मी त्याला कुणाच्या शब्दावर सांगू?"

"मी परत नेते त्याला."

"कुठे?"

एरबोलात थोडा वेळ थांबला, खरोखर थांबला, तिला काही सुचेल म्हणून. मग आत गेला आणि बंदूक घेऊन आला.

"माझ्या मागून येणार नाही तो," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "बंदूक दिसली की जागचा हलत नाही. तुम्हाला यावं लागेल."

"आधी माझ्या नातवाचं झबलं काढा," कुनसुलू म्हणाली.

गाठ घट्ट बसली होती. झैनेपला ती सुटेना. तारलान मान तिरपी करून उभा राहिला आणि तिचा कान चाटत राहिला. अखेर सुटली. तिने त्याच्या गळ्याला हात घातला आणि चालायला लागली. कळपाच्या वाड्यामागे ओढ्याची घळ होती. बर्फ वितळून चिखल झाला होता. तारलान तिच्या पावलाला पाऊल जुळवून चालला. तिच्याबरोबर कुठेही जायला तो पहिल्या दिवसापासून तयार होता. ती सारखं बोलत होती, "गुणी माझा. गरीब माझा." घळीत ती बसली, तो बसला. तिने त्याचं तोंड आपल्याकडे वळवून धरलं, म्हणजे मागे कोण उभं आहे ते त्याला दिसू नये.

परत आली तेव्हा तिच्या स्कर्टवर चिखल होता आणि रक्त होतं. तिला कुणी हाकललं नाही. त्या घरातून पाहुणा उपाशी जात नाही. कुनसुलूने तिला पुन्हा त्याच जागी बसवलं आणि पुढ्यात मांस ठेवलं. पोरं मिठाई खात तिच्याकडे टकामका पाहत होती. बायका कुजबुजत होत्या.

"कोण जाणे," कुनसुलू हळूच म्हणाली, "कदाचित काहीच केलं नसतं त्याने."

मग तिने चहा ओतला. पाहुण्याला तिथे अर्धाच पेला देतात, म्हणजे तो पुन्हा पुन्हा भरायचं निमित्त राहतं. भरलेला पेला दिला की समजायचं, आता उठा. कुनसुलूने झैनेपचा पेला काठोकाठ भरला.

झैनेपने तो दोन्ही हातांनी उचलला. तोंड पोळत होतं तरी ती थांबली नाही. सगळा पिऊन झाल्यावर तिने पेला खाली ठेवला आणि उठली.