घागरींचा सायकल स्टँड

मित्रांनो, मी एक सायकल स्टँड आहे. वयानं जुना, वापरानं अगदी कोरा. छत्रपती संभाजीनगरात जालना रोडवरच्या एका मॉलच्या मागच्या भिंतीला मी उभा आहे, आणि कित्येक वर्षं मी सायकल पाहिलीच नव्हती. वरातीच्या घोड्यावर नवरदेव कधी बसलाच नाही, तसं माझं झालं होतं.

माझा पहिला जन्म मात्र पाण्यातला. पिशोरच्या एका शेतात मी बोअरचा पाइप होतो. दुष्काळात बोअर आधी घोगरा बोलू लागला, मग नुसती हवा फुंकू लागला, शेवटी गप्प झाला. मला उपसून भंगारात टाकलं. वाळूजच्या बुद्धभूषण नावाच्या वेल्डरनं मला तिथून उचललं, कापलं, वाकवलं, हिरवा रंग दिला. "लई राबलास. आता आराम कर," असं म्हणून त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. इतका आराम मिळेल, हे त्यालाही ठाऊक नसावं.

मॉलला 'हरित इमारत' असं प्रमाणपत्र हवं होतं. त्यासाठी शाळेसारखेच गुण मिळवावे लागतात. जुनं लोखंड वापरलं, गुण. सायकलींची सोय केली, गुण. सायकलवरून घामाघूम होऊन येणाऱ्यांसाठी न्हाणीघर बांधलं, त्याचाही गुण. शहराच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, म्हणून त्या न्हाणीघरात वॉचमन सखाराम खुर्ची टाकून बसायचा. मॉलच्या दारावर प्रमाणपत्राची सोनेरी पाटी लागली. मॅनेजर मुकुंदरावांनी पाटीसोबत फोटो काढले. माझ्यासोबत कुणीच काढला नाही.

मग एका वर्षी श्रावण कोरडाच आला. ढग रोज यायचे आणि हजेरी लावून पळून जायचे. हवा मात्र दमट, त्यामुळे मॉलचे एसी दिवसभर घरघरायचे. त्यांचं पाणी माझ्या डोक्यावरच्या नळ्यांतून टपटप गळायचं. झाडलोट करणाऱ्या सत्यभामाबाईंनी ते पाहिलं आणि माझ्या एका खाचेत घागर बसवली. चाकासाठी केलेली खाच, पण घागर अशी बसली, की मला आयुष्यात प्रथमच नोकरी लागल्यासारखं वाटलं.

मागच्या वस्तीतल्या बायकाही आल्या. धुण्याभांड्याची सोय झाली. माझ्या सगळ्या खाचा भरल्या, आणि सखाराम प्रत्येक घागरीला पार्किंगचं टोकन देऊ लागला.

"घागरीला कसलं टोकन रं?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"मावशी, पार्किंग हाय हे. उद्या घागर चोरीला गेली तर जबाबदारी कुणाची?"

"मग लॉक बी करू का?"

काही वर्षांनी पाटीसाठी पुन्हा तपासणी करावी लागते. ती ठरली आणि मुकुंदराव धावत आले. "हे घागरींचं प्रदर्शन हटवा! इथं सायकली दिसल्या पाहिजेत!" भाड्याच्या सायकली माझ्यात उभ्या राहिल्या. घागरी न्हाणीघरात कोंडल्या गेल्या.

"साहेब, घरी लेक बाळंत झालीय," सत्यभामाबाई म्हणाल्या. "लंगोट धुवायला हेच पाणी हाय."

"दोन दिवस थांबा, बाई."

"बाळाला सांगू का, दोन दिवस थांब म्हणून?"

मुकुंदरावांनी न्हाणीघराला कुलूप लावलं.

तपासणीला पुण्याहून सावनी मॅडम आल्या. "या सायकलींवर कोण येतं?"

"आमचा स्टाफ."

"सगळे ओल्या सीटवर बसून येतात?"

सखारामनं आभाळाकडे पाहिलं. आभाळात मदतीला काहीच नव्हतं.

"ताई, वरून गळतंय ते एसीचं पाणी आमच्या घागरीचं हाय," झाडू घेऊन उभ्या असलेल्या सत्यभामाबाई बोलल्या. "घागरी आत कोंडल्यात."

सखारामनं न्हाणीघर उघडलं. टोकनं बांधलेल्या घागरी शिस्तीत बसल्या होत्या.

सावनी मॅडमनी एका घागरीचं टोकन उलटून पाहिलं. "मुकुंदराव, वाया जाणारं पाणी पुन्हा वापरणं याला मोठे गुण आहेत. तुम्ही तेच लपवलंत?"

"मग उद्याच पाइप टाकून हे पाणी लॉनला सोडतो!" मुकुंदराव उत्साहानं म्हणाले.

"का? लॉन बाळंत झालंय?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

मॅडम हसल्या, मग गंभीर झाल्या. "पाणी जातंय तिथंच जाऊ द्या. वापरणाऱ्यांना हाकलून वापर कसा मोजू मी?"

सायकलींचा गुण गेला, पाण्याचे मिळाले. सायकली परत गेल्या, घागरी आपापल्या खाचेत आल्या. त्या संध्याकाळी वस्तीतल्या एका दोरीवर लहान लहान लंगोट वाळत होते. मला ते इथून दिसत होते.

परवा सत्यभामाबाईंचा जावई भरलेल्या घागरी न्यायला आला. सायकलवर! खरी, स्वतःची, करकरणारी सायकल. माझं लोखंड शहारलं. ती माझ्याजवळ आली, आणि सखारामनं हात आडवा केला.

"पाव्हणं, जागा नाय. स्टँड फुल हाय."

जावयानं ती मुकुंदरावांच्या गाडीला टेकवली.

मित्रांनो, माझा रंग उडालाय, पण मला रंगवा असं मी म्हणत नाही. कधी अशा सोनेरी पाटीच्या इमारतीत गेलात, तर पाटी वाचून झाल्यावर मागच्या बाजूला एक चक्कर मारा. गळणाऱ्या पाण्याखाली कुणी काही ठेवलंय का, ते पाहा. नसेल तर तुम्ही ठेवा. बोअर आटताना आतून कसा आवाज येतो, तो मी ऐकलाय. तुम्हाला तो ऐकावा लागू नये.