बिनचुलीचं ऊन पाणी

पौषातली सकाळ. सोनपेठजवळच्या एका गावात माणसांच्या तोंडातून वाफा निघत होत्या, तरी मठापुढं झुंबड उडाली होती. दगडी हौदातलं पाणी वाफाळत होतं. आसपास चूल नव्हती, धूर नव्हता, चिमूटभर राखही नव्हती.

"काडी लावली न्हाई, लाकूड जाळलं न्हाई!" उष्णोदक महाराज गरजले. "आतल्या गुहेत देवानं हिमालय आणून बसविलाय. त्या थंडीतली ऊब मी ओढून काढतो आन् हौदात सोडतो. ऐका, गुहेत ओंकार चाललाय!"

गुहा म्हणजे मठामागची अंधारी खोली. तिथून खरोखरच 'घूंऽऽ' असा आवाज येत होता. लोकांचे हात आपोआप जोडले गेले.

गर्दीत आरोग्य केंद्राचे डॉक्टर रंगनाथ होते. ते रायभानच्या शोधात आले होते. मेंढरं राखणाऱ्या रायभानला क्षय झाला होता. औषधानं खोकला उतरणीला लागला, आणि तेवढ्यात त्यानं केंद्राकडं येणंच सोडलं. आता तो उघड्या अंगानं हौदाकाठी बसला होता आणि त्याची बायको बायनाबाई तांब्यानं त्याच्या छातीवर पाणी ओतत होती.

"गोळ्या का सोडल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हाराज म्हणले, गोळ्या अंगातली ऊब मारत्यात. ह्या पाण्यानं लय बरं वाटायलंय, डाक्टरसाब." रायभानला खोकल्याची उबळ आली. तोंडावरचं फडकं बाजूला झालं तेव्हा त्यावर रक्ताचा डाग होता.

तो डाग पाहून डॉक्टरांचा तोल गेला. "लोकहो, या हौदात विजेचा हीटर लपवलाय!"

महाराज हसले. जणू याचीच वाट पाहत होते. "उपसा हौद," त्यांनी हुकूम सोडला.

पाणी उपसलं. तळाशी तांब्याची एक नळी वेटोळं घालून पडली होती. "ह्यो आमचा वासुकी नाग," महाराज म्हणाले. गावातल्या वायरमननं नळीला टेस्टर लावला. दिवा पेटला नाही.

"करंट न्हाई, साहेब," तो म्हणाला. "मठाला वायर बी बारीक हाय. एवढं पाणी हीटरनं तापवलं तर जळून जाईल ती."

लोकांनी डॉक्टरांची हुर्यो उडवली. बायनाबाईनं नवऱ्याचा दंड धरला. "चला वो. आता ह्यांची सुई बी नको आन् ग्यान बी नको."

डॉक्टर केंद्रावर परतले ते तोंड पाडून. दुपारी लसी ठेवायच्या फ्रीजमागं कापसाचा बोळा पडला. तो काढायला त्यांनी हात घातला आणि चटकन मागं घेतला. मागची काळी जाळी चांगलीच तापली होती. आत बर्फ, मागं ऊब. आणि आवाज? घूंऽऽ!

'थंडीतली ऊब मी ओढून काढतो.' लबाड खरंच बोलत होता की! फक्त यंत्राच्या जागी देवाचं नाव घालत होता.

ते तसेच रायभानच्या घरी गेले. "बाई, गोळ्या घ्या म्हणायला आलो नाही. केंद्रावर चला आणि एका वस्तूला हात लावून बघा, एवढंच."

बायनाबाई कुरकुरत आली. तिनं फ्रीजमधल्या बर्फाला हात लावला, मग मागच्या जाळीला. पुन्हा बर्फाला, पुन्हा जाळीला. मग कान देऊन ती म्हणाली, "ह्यो आवाज... ह्यो तर ओंकार हाय!"

"गुहेत जाऊ देतात का?"

"जाऊ देत्यात, पर पडद्याच्या अलीकडंच."

दुसऱ्या दिवशी ती दर्शनाच्या रांगेत लागली. पडद्यापाशी पोचली आणि नमस्कार करायच्या ऐवजी तिनं पडदाच ओढला. मागं पंखा फिरत होता, नळ्यांवर पांढरं बर्फ साचलं होतं आणि लोखंडाचा एक काळा डबा घुमत होता.

"भस्म होशील!" महाराज धावले.

बायनाबाईनं भिंतीवरचं बटन दाबलं. घुमणं थांबलं.

"म्हाराज," ती बाहेरच्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "तुमचा ओंकार बटनावर चालायलाय व्हय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळा मठ हसला.

तिच्या मागोमाग आलेल्या डॉक्टरांनी त्या नळ्या सगळ्यांना दाखवल्या. "कितीही गार हवा असो, तिच्यात थोडी ऊब असतेच. या नळीतलं द्रव्य हवेपेक्षाही गार असतं, म्हणून ते ती ऊब शोषून घेतं आणि त्याचा वायू होतो. डबा त्या वायूला दाबतो, तसा तो कडक तापतो. मग हौदातल्या नळीतून जाताना आपली ऊब पाण्याला देतो, पुन्हा द्रव होतो आणि बारीक तोंडातून सुटून गार पडतो. वीज इथं पाणी तापवत नाही, नुसती ऊब वाहून नेते. म्हणून बारीक वायर पुरते आणि नळीत करंट सापडत नाही."

महाराज पूर्वी बर्फाच्या कारखान्यात मिस्त्री होते, हे मग त्यांनीच कबूल केलं.

"पर पाणी तर ऊन हाय ना?" एक म्हातारा अडून बसला.

"आहेच. खुशाल अंघोळ करा. पण क्षयाचे जंतू छातीच्या आत आहेत आणि पाणी कातडीवरून वाहून जातं."

रायभानचे उपचार पहिल्यापासून सुरू करावे लागले. तो वाचला, पण एक फुप्फुस कायमचं अधू झालं. मेंढरांमागं चढण चढताना त्याला दम लागे. गोळ्या सोडल्या नसत्या तर ते फुप्फुसही वाचलं असतं.

यंत्रानं कुणाचं वाईट केलं नाही. वाईट झालं ते कुणीच 'कसं?' असं विचारलं नाही म्हणून. तुमच्या गावात उद्या असं काही दिसलं, तर हात जोडायच्या आधी तेवढं विचारा. आणि जो म्हणेल की औषध सोड, त्याच्यावर मुळीच विश्वास ठेवू नका.