जितूच्या नावची मूठ

श्रावणात कानबाई देवीच्या सणाला रोटाचं धान्य आमच्याकडे आईच मोजते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे, त्याच पिठाचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, करायच्या आणि ते भावकीनंच संपवायचे. मी जळगावला दिलेली लेक, माझं तिथं काही काम नव्हतं. यंदा मी फक्त आईकडे लक्ष ठेवायला दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावी आले होते.

माझा धाकटा भाऊ जितेंद्र फौजेत होता. फाल्गुनात त्याची गाडी पहाडातल्या दरीत कोसळली. चौकात त्याचा फ्लेक्स लागला, खाली हिंदी चारोळी, तीही यमक चुकलेली. जितू असता तर हसून लोळला असता. कवितेचं वेडच होतं त्याला. सुट्टीवर आला की म्हाताऱ्यांकडून कानबाईची गाणी ऐकून पाठ करायचा आणि बराकीतल्या मल्याळी, डोगरा पोरांना त्यांच्या भाषेत समजावायचा. मग त्यांची गाणी शिकून घ्यायचा. फोनवर आईला रोज एक नवा शब्द ऐकवायचा. ती म्हणायची, "तुनी जीभ शे का बजार?" त्यातला एकही शब्द तिच्या लक्षात राहिला नाही, माझ्याही नाही. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं मला.

तो गेल्यापासून आई एकदाही रडली नव्हती.

तिनं सूप पुढ्यात घेतलं. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मूठ टाकली, मग काकांची, म्हणजे हेमराजनानांची. "आनि ही जितूनी."

नानांनी तिचं मनगट धरलं. "वहिनी, गयेल मानुसनी मूठ लेतस नही. रोट बाटी जाई."

"कोन गयं? मना जितू ड्युटीवर शे!" तिनं हात हिसकला आणि गहू ढिगात मिसळले.

सगळं धान्य फेका, देवी कोपेल, असं नाना ओरडायला लागले. मी त्यांना तोंडाला येईल ते बोलले. आई सुपावर पालथी पडून गहू झाकत राहिली.

तेव्हा आबा ओसरीवरून आत आले. महिनोन्‌महिने ते कुणाशी धड बोलले नव्हते. आईला हळूच बाजूला करून त्यांनी सूप रिकामं केलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"मनी मूठ लेऊ नका," ते म्हणाले. "मना बदलामा जितूनी ल्या. मुठी तितल्याच ऱ्हातीन."

 आबा आईची समजूत घालत नव्हते. त्यांना खरंच जितूच्या मागे जायचं होतं, आणि मला त्यांची भीती वाटली. आईनंही त्यांचा चेहरा पाहिला. तिनं मूठ भरली, पण टाकेना. बोटांच्या फटींतून गहू गळत होते.

"ही यासनी," ती शेवटी म्हणाली आणि आबांची मूठ सुपात टाकली. "तुम्ही तरी ऱ्हा."

मग तिनं नानांची टाकली, सूप काकूकडे सरकवून "दळी आन" म्हणाली, आणि जितूच्या नावानं रडायला बसली.